रक्तात हत्तीरोगाचे जंतू आहेत, पण त्रास काहीच नाही; मग गोळ्या कशासाठी?

वाचकाचे पत्र

आम्ही भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. घरची धानाची शेती आहे. मागच्या महिन्यात आरोग्य खात्याची माणसे रात्री दहानंतर गावात आली आणि बोटातून रक्ताचे नमुने घेऊन गेली. माझ्या यजमानांच्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू निघाले. त्यांचे वय ३८ आहे, पायावर सूज नाही, ताप नाही, दिवसभर शेतात राबतात. डॉक्टरांनी बारा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पहिल्याच रात्री थंडी वाजून ताप आला, डोके दुखले आणि तिसऱ्या दिवशी अंडकोषाच्या पिशवीत दुखरी गाठ हाताला लागली. तेव्हापासून त्यांनी गोळ्या बंद केल्या आहेत. शेजारी म्हणतात की धडधाकट माणसाला गोळ्यांनीच आजारी पाडले. माझ्या सासूबाईंचा उजवा पाय कित्येक वर्षांपासून सुजलेला आहे, पण त्यांच्या रक्तात काहीच निघाले नाही. ज्यांना रोग दिसतो त्यांचे रक्त स्वच्छ आणि ज्यांना काही नाही त्यांच्या रक्तात जंतू, असे कसे? नमुन्यांची अदलाबदल तर झाली नसेल? डॉक्टर सांगतात की हा जंत बोटाएवढा लांब असतो आणि पाच-सात वर्षे अंगात जगतो. एवढा जीव इतकी वर्षे आत असताना शरीराला कळत कसे नाही? आम्हाला अकरा आणि सहा वर्षांची दोन मुले आहेत, त्यांचे काय करावे? कृपया नाव छापू नये.

उत्तर

ताई, आधी तुमच्या मुख्य शंकेचे उत्तर देतो. नमुन्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मला फार कमी वाटते, आणि तसे वाटण्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. ज्या माणसाच्या अंगात हे जंत नाहीत, त्याला या गोळ्यांनी सहसा थोडी मळमळ किंवा गरगरल्यासारखे होते, त्याहून अधिक काही होत नाही. पहिल्या रात्री थंडी वाजून ताप येणे आणि दोन-तीन दिवसांत अंडकोषाच्या पिशवीत दुखरी गाठ लागणे, या दोन्ही गोष्टी जंत असलेल्या आणि ते मरू लागलेल्या माणसात दिसतात. तुमच्या यजमानांनी गोळ्या थांबवल्या त्या नेमक्या औषध लागू पडू लागलेल्या वेळी. त्यांना पुन्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा, गाठ डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने उरलेला उपचार पूर्ण करून घ्या. हे त्यांच्या गळी उतरवायचे असेल, तर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनाही कळायला हवे, म्हणून ते जरा सविस्तर देतो.

हत्तीरोगाच्या आपल्याकडील जंताचे नाव वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी. त्याची मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब असते, पण तिची जाडी मिलिमीटरच्या पाव भागाएवढीच, म्हणजे शिवणाच्या दोऱ्यासारखी. नर तिच्या निम्म्याहूनही लहान. हे जंत आतड्यात राहत नाहीत आणि मोठे जंत रक्तातही राहत नाहीत; रक्तात सापडतात त्या त्यांच्या सूक्ष्म अळ्या. त्यांचे ठिकाण म्हणजे लसिकावाहिन्या. रक्तातून पेशींच्या आजूबाजूला झिरपलेले पाणी गोळा करून परत रक्तात नेऊन सोडणाऱ्या या बारीक नळ्या आहेत. धानाच्या बांधीत पाणी सोडायला पाट असतो आणि जादा पाणी काढून द्यायला नाली असते. लसिकावाहिन्या ही शरीरातली निचऱ्याची नाली समजा. तिथे रक्तासारखा जोराचा प्रवाह नसतो, पोषक द्रव्ये मात्र मुबलक असतात. पुरुषांमध्ये अंडकोषाच्या पिशवीतील लसिकावाहिन्या ही या जंतांची विशेष आवडती जागा आहे, आणि तुमच्या यजमानांची गाठ तिथेच का आली याचा उलगडा त्यातून होतो.

आता शरीराला कळत कसे नाही, याकडे वळू. वास्तविक पाहता शरीराला कळलेले असते. लसिकावाहिन्या थेट लसिकाग्रंथींकडे जातात आणि लसिकाग्रंथी म्हणजे तर शरीराच्या संरक्षण व्यवस्थेची ठाणी. पांढऱ्या पेशींची सर्वाधिक वर्दळ जिथे असते त्याच वाटेवर हा जंत मुक्काम करतो, त्यामुळे तो नजरेआड राहतो असे म्हणता येत नाही. बाकीच्या काही परजीवींची रीत निराळी आहे. व्हायव्हॅक्स मलेरियाचा जंतू यकृताच्या पेशीत शिरून महिनोन् महिने निपचित पडून राहतो, आणि म्हणूनच मलेरियाचा ताप उतरल्यावरही प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. आफ्रिकेतील निद्रारोगाचा जंतू आपले बाहेरचे आवरण पुन्हा पुन्हा बदलतो. शरीराने एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार करेपर्यंत त्याच्या काही वंशजांनी दुसरे आवरण चढवलेले असते. हत्तीरोगाचा जंत असा दडून बसत नाही. तो समोर राहतो आणि ज्या पेशींनी त्याच्यावर तुटून पडायचे त्या पेशींनाच शांत करतो.

हे शांत करणे कसे घडते, याचा बराचसा उलगडा गेल्या काही दशकांत झाला आहे. पांढऱ्या पेशी परक्या जीवावर ज्या दाहक रसायनांचा मारा करतात, त्यांना निष्प्रभ करणारी विकरे (एन्झाइम) फायलेरिया जातीच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताच्या कुळातील, जंतांच्या अंगावर आणि अंगात असतात. त्याशिवाय हे जंत आपल्या भोवती सतत काही प्रथिने सोडत असतात. त्यांपैकी काही प्रथिने परक्या पदार्थाचे तुकडे करून ते इतर पेशींना ‘ओळख पटवण्यासाठी’ दाखवणाऱ्या पेशींच्या कामात अडथळा आणतात, तर काही प्रथिने आपल्या शरीरातील संदेशवाहक प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की आपल्या पेशी त्यांना आपलीच समजून प्रतिसाद देतात. उंदीरवर्गीय प्राण्यांत राहणाऱ्या फायलेरियाच्या एका जंताचे ‘ईएस-६२’ नावाचे प्रथिन तर दाह शमवण्यात इतके प्रभावी आहे की संधिवातासारख्या आजारांवर त्याच्या धर्तीचे औषध करता येईल का, याचा अभ्यास शास्त्रज्ञ करीत आले आहेत.

या सगळ्याचा परिणाम असा होतो की शरीरातील ‘नियामक’ पेशींची संख्या वाढते आणि इंटरल्यूकिन-१० नावाचे, दाह आवरणारे रसायन जास्त तयार होऊ लागते. मुळात या पेशी आणि हे रसायन आपल्याच भल्यासाठी असतात, कारण जखम भरून आल्यावर किंवा जंतुसंसर्ग संपल्यावर लढाई थांबवण्याचा इशारा तेच देतात. जंत हा इशारा शत्रू जिवंत असतानाच द्यायला लावतो. रक्तात अळ्या असूनही ज्यांना लक्षणे नसतात, अशा लोकांच्या रक्तात आयजीजी-४ नावाची प्रतिपिंडे फार मोठ्या प्रमाणावर सापडतात. ही प्रतिपिंडे जंताला चिकटतात, पण पुढच्या मारक पेशींना बोलावण्याचे काम ती फारसे करीत नाहीत. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की हे मौन प्रामुख्याने या जंतापुरतेच असते. अशा माणसाच्या पेशी इतर जंतूंना बहुतांशी नेहमीप्रमाणे प्रतिसाद देतात. म्हणूनच तुमचे यजमान एरवी ठणठणीत दिसतात, आणि म्हणूनच ‘मला काही होत नाही’ हे त्यांचे म्हणणे खरे असूनही त्यावरून अंगात जंत नाहीत असा निष्कर्ष काढता येत नाही. काही न होणे हे त्या जंताच्याच कामाचे फळ आहे.

जंताला एवढा खटाटोप कशासाठी करावा लागतो, हे त्याचे जीवनचक्र पाहिले की समजते. हत्तीरोगाच्या या जंताला माणसाखेरीज दुसरा प्राणी चालत नाही. डासाच्या दंशाबरोबर त्वचेवर आलेली अळी आत शिरते आणि तिचा पूर्ण वाढ झालेला जंत व्हायला सहा महिने ते एक वर्ष लागते. मलेरियाचा जंतू एकाचे हजार होतो, तसे इथे होत नाही. एका अळीपासून एकच जंत तयार होतो. त्यात नर आणि मादी एकाच भागात, जवळपास पोहोचले तरच पुढची पिढी जन्माला येणार. त्यानंतर मादी दररोज हजारो सूक्ष्म अळ्या रक्तात सोडते, त्यांना आपण मायक्रोफायलेरिया म्हणतो. या अळ्या माणसात कितीही दिवस राहिल्या तरी मोठ्या होत नाहीत. योग्य जातीच्या डासाने रक्ताबरोबर त्या शोषून घेतल्या, तो डास पुढे दहा ते चौदा दिवस जगला आणि त्याने दुसऱ्या माणसाला चावा घेतला, तरच त्यांचा वंश पुढे सरकतो. इतक्या अनिश्चित मार्गाने ज्याला पुढची पिढी पोहोचवायची आहे, त्याला घाई करून चालत नाही. ज्या माणसात तो राहतो तो माणूस लवकर मेला किंवा अंथरुणाला खिळला, तर जंताचेही काम संपते. त्यामुळे मोठा जंत साधारण सहा ते आठ वर्षे जगतो आणि त्याच्या अळ्या रक्तात वर्षभरापर्यंत टिकू शकतात.

रक्त तपासायला रात्री दहानंतर का येतात, याचे उत्तरही इथेच आहे. दिवसा या अळ्या फुप्फुसातील बारीक रक्तवाहिन्यांत थांबतात आणि रात्री, साधारणपणे दहा ते दोनच्या दरम्यान, हातापायांच्या त्वचेखालील रक्तात मोठ्या संख्येने येतात. आपल्याकडे हा रोग पसरवणारा क्यूलेक्स डास रात्रीच चावतो. प्रशांत महासागरातील ज्या बेटांवर हा रोग दिवसा चावणाऱ्या डासांमार्फत पसरतो, तिथल्या अळ्या दिवसाही रक्तात सापडतात. जो माणूस नियमितपणे रात्री काम करतो आणि दिवसा झोपतो, त्याच्या रक्तातील अळ्यांचे वेळापत्रक काही दिवसांत उलटे होते, म्हणून रात्रपाळीच्या कामगारांनी तपासणीच्या वेळी ही गोष्ट सांगितली पाहिजे. रक्तातील या अळ्या १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांनी पाहिल्या आणि १८७७ मध्ये चीनमधील आमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांची वाढ डासाच्या शरीरात होते हे दाखवले. कीटकाच्या अंगात माणसाच्या रोगाच्या जंतूची वाढ होते हे प्रथम ज्या रोगात कळले, तो आपला हा हत्तीरोग.

तुमच्या सासूबाईंचे रक्त स्वच्छ आणि मुलाचे मात्र नाही, हे कोडे आता सुटण्यासारखे आहे. ज्यांच्या शरीराला जंताने गप्प केलेले असते, त्यांच्या रक्तात अळ्या सुखाने फिरतात आणि बाहेरून काही दिसत नाही. ज्यांचे शरीर गप्प बसत नाही, किंवा ज्यांचे मोठे जंत आपोआप मरून गेलेले असतात, त्यांच्या रक्तात अळ्या बहुधा सापडत नाहीत. पण जंताविरुद्धच्या लढाईत आणि मेलेल्या जंतांभोवतीच्या दाहात लसिकावाहिन्यांचे नुकसान झालेले असते, ते मागे राहते. याचा अर्थ असा की आज तुमच्या घरातून डासांमार्फत रोग पसरण्याचा धोका सासूबाईंच्या सुजलेल्या पायाकडून नसून धडधाकट दिसणाऱ्या मुलाकडून आहे. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो आहे. आपल्याकडे पाय सुजलेल्या माणसाला वेगळे बसवण्याची, त्याच्या घरी सोयरीक करताना मागे हटण्याची वाईट चाल अजून पूर्णपणे गेलेली नाही, आणि तिला कोणताही आधार नाही. सासूबाईंच्या पायाला हात लावल्याने, त्यांच्या ताटात जेवल्याने किंवा त्यांच्याजवळ झोपल्याने कोणालाही हत्तीरोग होत नाही.

लक्षणे नाहीत म्हणजे नुकसान नाही, असेही समजू नका. ब्राझीलमधील रेसिफे शहरात १९९० च्या दशकात डॉक्टरांनी रक्तात अळ्या असलेल्या पण कोणताही त्रास नसलेल्या पुरुषांची सोनोग्राफी केली, तेव्हा अंडकोषाच्या पिशवीतील फुगलेल्या लसिकावाहिन्यांत जिवंत जंत सतत वळवळताना पडद्यावर दिसले. त्या हालचालीला वैद्यकात ‘फायलेरिया नृत्य’ असे नाव पडले आहे. जंत राहतो तिथली नळी रुंद होते, तिच्या झडपा नीट मिटत नाहीत, आणि माणसाला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी निचरा बिघडायला सुरुवात झालेली असते. अशा प्रत्येकाचा पाय पुढे सुजतोच असे नाही, अनेकांचा सुजत नाही. तुमच्या यजमानांचा सुजेल की नाही, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मात्र जंत जितकी वर्षे आत राहतील तितकी वर्षे नुकसान वाढण्याची संधी त्यांना मिळत राहते, एवढे निश्चित.

आता गोळ्यांविषयी. त्यांना दिलेले औषध डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजेच डीईसी. या औषधाचा एक गुण मला या सगळ्या विषयाचे मर्म वाटतो. काचेच्या नळीत अळ्या ठेवून त्यांवर डीईसी टाकले तर त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. शरीरात मात्र औषध पोटात गेल्यावर थोड्याच वेळात त्या रक्तातून नाहीशा होऊ लागतात. याचा अर्थ मारण्याचे काम औषध एकटे करीत नाही. ते अळ्यांना उघडे पाडते आणि इतकी वर्षे गप्प बसलेली शरीराची व्यवस्था पुढचे काम करते. हजारो अळ्या एकाच वेळी मरू लागल्यावर त्यांच्या शरीरातील पदार्थ रक्तात मिसळतात. शिवाय या जंतांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जीवाणू राहतात. तेही जंत मेल्यावर मोकळे होतात आणि तापाला हातभार लावतात. म्हणून थंडी, ताप, डोकेदुखी, अंगदुखी ही लक्षणे पहिल्या एक-दोन दिवसांत येतात, रक्तात अळ्या जितक्या जास्त तितकी ती तीव्र असतात, आणि अळ्या कमी झाल्यावर पुढच्या मात्रांना तसा त्रास सहसा होत नाही. गाठ येते ती मोठा जंत जिथे मरतो तिथे. शेजाऱ्यांनी जे पाहिले ते खरे आहे, त्याचा अर्थ मात्र त्यांनी उलटा लावला आहे.

तरीही त्रास अंगावर काढू नये. डॉक्टरांना आधीचा सारा प्रकार सांगून मगच पुन्हा सुरुवात करावी. गोळी कधीही उपाशीपोटी घेऊ नये. ताप आला तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि एक-दोन दिवस विश्रांती बहुधा पुरते. गाठ हळूहळू विरते, तिच्यात सुई घालू देऊ नका. पण अंडकोषात अचानक असह्य वेदना उठल्या, श्वास लागला, चेहरा सुजला किंवा भोवळ येऊन माणूस पडला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे, कारण त्यामागे दुसरे कारणही असू शकते. वोल्बाकियाविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. या जीवाणूंवाचून हत्तीरोगाच्या जंताला नीट जगता येत नाही आणि मादीला अळ्याही घालता येत नाहीत, त्यामुळे काही रुग्णांना डॉक्टर चार ते सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. ते गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना चालत नाही, तेव्हा औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

दरवर्षी येणाऱ्या सामूहिक औषधोपचार मोहिमेतील गोळ्यांचे कोडेही या जंताच्या आयुष्यातूनच सुटते. डीईसी आणि अल्बेंडाझोल यांची एक मात्रा रक्तातील बहुतेक अळ्या घालवते, पण मोठे जंत सगळे मरत नाहीत, आणि उरलेली मादी काही महिन्यांनी पुन्हा अळ्या सोडू लागते. म्हणून मोठ्या जंतांचे आयुष्य सरत येईपर्यंत, किमान पाच वर्षे, दरवर्षी एकदा अळ्यांची संख्या इतकी खाली आणायची की डासाला त्या मिळूच नयेत, असा हा हिशेब आहे. एका वर्षी घेतल्या, दोन वर्षे टाळल्या, असे केल्यास त्या माणसापुरता हिशेब पुन्हा मागे जातो. आता काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध जोडले जाते. २०१९ मध्ये महाराष्ट्रात त्याची सुरुवात नागपूर जिल्ह्यापासून झाली. पापुआ न्यू गिनीमधील चाचणीत या तीन औषधांच्या एकाच मात्रेनंतर जवळजवळ सर्वांचे रक्त दीर्घकाळ अळ्यांपासून मुक्त राहिले होते, कारण या मिश्रणाने मोठ्या मादीची प्रजननक्षमता बराच काळ थांबते. गोळ्या आशाताईंच्या समोरच गिळाव्यात असा आग्रह धरला जातो, त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. ‘नंतर घेतो’ म्हणून फळीवर ठेवलेल्या गोळ्यांचा उपयोग कोणालाच होत नाही. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी माणसे यांनी मात्र या गोळ्या घ्यायच्या नसतात. आयव्हरमेक्टिन पाच वर्षांखालील मुलांना दिले जात नाही आणि त्याची मात्रा उंची मोजून ठरवली जाते.

तुमची दोन्ही मुले या वयोमर्यादेच्या वर आहेत, त्यामुळे मोहिमेच्या वेळी त्यांना गोळ्या अवश्य द्या. त्यांची तपासणीही करून घ्यावी असे मी सुचवीन. त्यासाठी मुलांना रात्री जागवण्याची गरज पडेलच असे नाही, कारण मोठ्या जंताने रक्तात सोडलेले प्रतिजन, म्हणजे त्याची ओळख पटवणारे पदार्थ, ओळखणाऱ्या पट्टीची चाचणी दिवसाही करता येते. असे निदान शक्य व्हावे म्हणून जगभर झालेल्या प्रयत्नांत आपल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायलेरियाच्या प्रतिजनांवर केलेल्या अनेक वर्षांच्या कामाचाही वाटा आहे. जिल्हा हिवताप अधिकारी कार्यालयात किंवा जवळच्या हत्तीरोग नियंत्रण पथकाकडे चौकशी केल्यास ही चाचणी कुठे होते ते कळेल.

सासूबाईंविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, पण मी त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय राहू शकत नाही. इतक्या वर्षांची सूज गोळ्यांनी उतरणार नाही हे खरे, परंतु ती वाढू न देणे आणि तापाचे झटके थांबवणे त्यांच्या व तुमच्या हातात आहे. पाय लाल होऊन तापाने फणफणणे, जांघेत अवधाण येणे, हे झटके बहुतेक वेळा जंतामुळे येत नाहीत. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या आणि बारीक भेगा यांतून साधे जीवाणू आत शिरतात आणि निचरा बिघडलेल्या पायात त्यांना मोकळे रान मिळते. प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढते. म्हणून रोज साध्या पाण्याने आणि साबणाने पाय धुवावा, बेचक्या मऊ कापडाने टिपून कोरड्या कराव्यात, चिखल्यांवर डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे, झोपताना पाय उशीवर उंच ठेवावा आणि बसल्या बसल्या घोटा वरखाली हलवत राहावा. रोवणीच्या दिवसांत त्यांनी उघड्या पायांनी चिखलात उतरू नये, उतरावेच लागले तर गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत आणि घरी येताच पाय धुवावा. झटका आला असता पाय चोळणे, शेकणे, त्यावर गरम लेप लावणे किंवा ‘वाईट रक्त काढण्यासाठी’ ब्लेड मारून घेणे यांनी हानीच होते. टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असलेला संच शासकीय आरोग्य केंद्रातून हत्तीपायाच्या रुग्णांना विनामूल्य मिळतो, तो मागून घ्या.

आणि डासांचे पाहा. क्यूलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, आणि घराजवळचे त्याचे मोठे ठिकाण म्हणजे शौचालयाची टाकी. तिच्या हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी किंवा पातळ कापड बांधा, टाकीच्या झाकणाच्या फटी बुजवा, सांडपाण्याच्या नालीत पाणी तुंबू देऊ नका. रात्री सगळ्यांनी मच्छरदाणीत झोपा, आणि उपचार पूर्ण होऊन पुढच्या तपासणीत रक्त स्वच्छ आल्याचे कळेपर्यंत यजमानांनी तर एकही रात्र मच्छरदाणीबाहेर झोपू नये. ती तपासणी कधी करायची याची तारीख बारा दिवसांचा उपचार संपतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या.